डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाचं मारणं, चावणं, पळून जाणं – रिस्पेरिडॉन सुरू करावं का?

मोगरी_ठाणे
नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण आता खरंच काही सुचत नाहीये. माझा लेक ९ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम. जन्मतः हृदयाला छिद्र होतं, ते आठव्या महिन्यात ऑपरेशन करून बंद केलं, तेव्हापासून हृदयाचं सगळं ठीक आहे. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो, ढोल ऐकला की नाचतो, आजोबांचा चष्मा रोज सकाळी स्वतः शोधून आणून देतो. पण गेलं दीड वर्ष घरात रोज रडारड आहे. धाकटीला (५ वर्षं) चावतो, हातातलं फेकतो, कपडे बदलायला सांगितलं तरी मारतो, आणि हात सोडवून पळतो. गेल्या महिन्यात तलावपाळीला गेलो होतो, मी भेळवाल्याला पैसे देत होते तेवढ्यात हा सरळ रस्त्यात. रिक्षावाल्याने कचकन ब्रेक मारला म्हणून वाचला. त्या दिवसापासून मी त्याला बाहेर नेलेलंच नाहीये.
शाळेतून निरोप आलाय की औषध सुरू करा नाहीतर पाठवू नका. मग एका डॉक्टरांकडे गेलो, दहा मिनिटांत त्यांनी रिस्पेरिडॉन (मानसिक आजारात देतात ते औषध) लिहून दिलं, रात्री अर्धी गोळी. मी विचारलं किती दिवस द्यायची तर म्हणाले बघू. वजन केलं नाही, रक्त तपासायला सांगितलं नाही. चार दिवस झाले गोळ्यांची स्ट्रिप फ्रीजवर पडून आहे. नवरा म्हणतो देऊन बघू, सासूबाई म्हणतात पोराला गुंगीत ठेवू नका, आणि मला दोघांचंही पटतंय. ज्यांनी दिलंय त्यांनी प्लीज लिहा. ज्यांनी नाही दिलं त्यांनीही.

सीवूड्सची_काकू
मोगरी, आधी एक खोल श्वास घे बाळा. माझी लेक आता २४ वर्षांची आहे, तीही डाऊनच. ती १० वर्षांची असताना आमच्याकडे अगदी हेच चालू होतं, ताट भिरकावायची, हाक मारली की पाठ फिरवायची. आम्हाला वाटलं हट्टी झाली. एकांनी शांत राहायचं औषध दिलं, आम्ही सहा महिने दिलं, ती दिवसभर पेंगायची आणि संध्याकाळी परत तेच. मग तिच्या शाळेतल्या बाईंनी सुचवलं म्हणून वांद्र्याला अली यावर जंगमध्ये कान तपासले तर दोन्ही कानांच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं, ऐकू फार कमी येत होतं. या मुलांच्या कानाच्या नळ्या मुळातच अरुंद असतात त्यामुळे हे पुन्हा पुन्हा होतं. सगळे आपल्यावर ओरडतायत एवढंच तिला कळत असणार, काय म्हणतायत ते नाही. ग्रोमेट, म्हणजे पाणी निघायला पडद्यात बारीक नळ्या, टाकले, औषध हळूहळू बंद केलं. ताट फेकणं पूर्ण थांबायला वर्ष लागलं, एका रात्रीत काही झालं नाही. पण त्या सहा महिन्यांचं मला अजून वाईट वाटतं.
याचे कान शेवटचे कधी तपासलेत?

ऐरोली_ओपीडी
मी पिडिॲट्रिशियन आहे. इथून कुणाच्या मुलाला औषध सांगणार नाही, पण काही प्रश्न विचारते, त्यांची उत्तरं लिहून काढा आणि पुढच्या डॉक्टरांकडे तो कागद घेऊन जा.
रात्री घोरतो का, आणि झोपतो कसा? शेवटची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, कधी झाली? शी रोज होते का? दात कुणी बघितलेत का? सध्या कुठलं औषध चालू आहे, सर्दीचं, ॲलर्जीचं, टॉनिक, आयुर्वेदिक, सगळं धरून? वागणं बिघडलं त्या सुमारास घरात किंवा शाळेत काय बदललं?
हे एवढ्यासाठी विचारते की ज्या मुलाला 'माझं पोट दुखतंय' हे नीट सांगता येत नाही तो ते हातापायानेच सांगणार. डाऊनच्या मुलांमध्ये थायरॉइडचा त्रास इतका कॉमन आहे की टीएसएच दर वर्षी करायची असते, लक्षणं असोत नसोत. बद्धकोष्ठ तर जवळजवळ घरटी. सीलिॲकही इतर मुलांपेक्षा जास्त दिसतो, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडतं, पोट फुगतं, चिडचिड होते. आणि झोप. या मुलांचा चेहऱ्याचा मधला भाग लहान, श्वासाची वाट अरुंद, स्नायू सैल, त्यामुळे झोपेत श्वास अडकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनात डाऊनच्या प्रत्येक मुलाची ३ ते ४ वर्षं वयात स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास मोजायची तपासणी, करा असं आहे, घोरत नसला तरीही, कारण आईबाबांच्या सांगण्यावरून अंदाज चुकतो. आपल्याकडे ९ वर्षांचा होईपर्यंत कुणी विषयही काढत नाही याचं मला खूप वाईट वाटतं, यात आम्ही डॉक्टर कमी पडतो.

मोगरी_ठाणे
काकू, डॉक्टर, वाचताना हात थरथरत होते. कान ५ वर्षांचा असताना तपासले होते, नंतर नाहीच. टीएसएच दोन वर्षांपूर्वी. शी आठवड्यातून दोनदा, आम्हाला वाटायचं त्याची सवयच तशी. झोपताना मांडी घालून पुढे वाकून डोकं गादीवर टेकवून झोपतो, लहानपणापासून तसाच, आम्ही त्याचे त्या पोझमध्ये फोटो काढलेत. घोरतो, घामाने उशी भिजते. आणि औषध म्हणाल तर सतत सर्दी म्हणून गेले सात महिने रोज रात्री मॉन्टेलुकास्ट-लिव्होसेटिरिझिन चालू आहे. ते तर ॲलर्जीचं साधं औषध ना?

ऐरोली_ओपीडी
पुढे वाकून झोपणं हा श्वासाची वाट मोकळी ठेवण्याचा शरीराचा मार्ग असू शकतो. स्लीप स्टडी लवकर करून घ्या, ईएनटीला टॉन्सिल-ॲडेनॉइड (घशातल्या आणि नाकामागच्या गाठी) दाखवा. झोपेचं औषध मात्र त्याआधी कुणी दिलं तर घेऊ नका, श्वास आधीच अडकतोय तिथे गुंगी आणायची नाही. रिस्पेरिडॉननेही गुंगी येते आणि वजन वाढतं, वजन वाढलं की झोपेतला श्वास आणखी अडकतो. म्हणून क्रम महत्त्वाचा.

पाचपाखाडी_फार्मा
मी फार्मसिस्ट आहे, मॉन्टेलुकास्टबद्दल लिहितो. ते साधं समजून महिनोन्महिने चालू राहतं, जुन्या प्रिस्क्रिप्शनवर लोक नेत राहतात. पण काही मुलांमध्ये त्याने चिडचिड, आक्रमकपणा, वाईट स्वप्नं, झोप मोडणं असे त्रास होतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) यासाठी त्याच्या माहितीपत्रकावर सर्वात कडक इशारा छापायला लावला आणि नुसत्या ॲलर्जीच्या सर्दीसाठी दुसरं काही चालत नसेल तरच द्या असं सांगितलं. तुमच्या मुलाला त्यामुळेच होतंय असं मी म्हणत नाही, दीड वर्षाचा त्रास आणि सात महिन्यांचं औषध, हिशोब जुळत नाही. पण वाढायला हातभार लागत असेल. दम्यासाठी दिलं असेल तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

शुभचिंतक_कोपरी
ताई, माझ्या भाच्याला ब्रेन टॉनिकने खूप फरक पडला, पिरासेटामचं सिरप आणि सोबत व्हिटॅमिनचा कोर्स. साइड इफेक्ट काही नाही. रिस्पेरिडॉनसारखं डोक्याचं औषध देण्याआधी हे करून बघा असं मनापासून वाटतं.

पाचपाखाडी_फार्मा
दादा, तुमची कळकळ समजते पण हे इथे तसंच राहायला नको म्हणून लिहितो. पिरासेटाम डाऊनच्या मुलांवर तपासलं गेलंय, कॅनडातला अभ्यास, २००१ साली प्रसिद्ध झाला. बुद्धीत काही सुधारणा दिसली नाही, उलट काही मुलं आक्रमक झाली, अस्वस्थ झाली, झोप बिघडली. म्हणजे ज्या त्रासासाठी ताई धागा काढतायत तोच वाढू शकतो. व्हिटॅमिनचं म्हणाल तर २००८ मध्ये ब्रिटनमध्ये १५६ बाळांना अँटिऑक्सिडंट आणि फोलिनिक ॲसिड देऊन बघितलं, विकासात फरक पडला नाही. कमतरता असेल ते व्हिटॅमिन जरूर द्यावं, रक्त तपासून. माझ्या काउंटरवर रोज कुणीतरी आई बाराशे-पंधराशेची टॉनिकं घेऊन जाते, त्या पैशात थेरपीची दोन सेशन होतात हो.

शुभचिंतक_कोपरी
हे माहीत नव्हतं. बहिणीला दाखवतो. भाचा मध्यंतरी रात्रीचा झोपत नाहीये म्हणत होती ती.

रंगखडू
मी स्पेशल एज्युकेटर, १४ वर्षं याच मुलांबरोबर आहे. मोगरीताई, एक साधी वही करा. प्रत्येक वेळी मारलं-चावलं की तीन गोष्टी लिहायच्या, त्याच्या आधी काय चाललं होतं, त्याने नेमकं काय केलं, त्यानंतर तुम्ही काय केलं. दोन आठवडे फक्त लिहा, बदलू काही नका. माझा अनुभव असा की तिसरा रकाना सगळ्यात जास्त बोलतो. चावल्याबरोबर कपडे बदलणं थांबतं, आई धावत येते, सगळे जमतात, म्हणजे त्याच्या दृष्टीने चावणं उपयोगी पडलं. ही मुलं माणसांची फार भुकेली असतात, आपला ओरडा आणि मोठे डोळेसुद्धा त्यांना बक्षीस वाटतं.
दुसरं, डाऊनच्या मुलांना ऐकलेलं पोचायला वेळ लागतो, बघितलेलं पटकन पोचतं. आपण 'चल चल शर्ट घाल, उशीर झाला, बस येईल' असं एका दमात पाच वाक्यं बोलतो, तो पहिल्यावरच असतो. एक वाक्य बोला, मनात पाच आकडे मोजा, मग पुन्हा तेच वाक्य. आणि चित्रं. आधी शर्ट, मग ढोलाचा व्हिडिओ, दोन फोटो शेजारी चिकटवलेले. रस्त्यात बसकण मारणं, पळणं हे बहुतेक वेळा एका गोष्टीतून दुसऱ्या गोष्टीत जाताना होतं, निघायच्या आधीच पुढचं चित्र हातात दिलं की बरंच कमी होतं. पळण्यासाठी मात्र थेरपीची वाट बघायची नाही, दाराला वरच्या बाजूला कडी आजच लावा, खिशात फोन नंबरची पट्टी घाला, बाहेर दोन मोठी माणसं असल्याशिवाय गर्दीत नको.
शाळेचं म्हणाल तर औषध द्यायचं की नाही हे पालक आणि डॉक्टर ठरवतात, शाळा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ ते १८ वयाच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क दिलाय. भांडायला जाऊ नका, वही घेऊन जा, शाळेतही तीच वही ठेवायला सांगा.

घणसोली_२१
आमचं वेगळंच होतं म्हणून लिहितो. मुलीला फिट येत होत्या, लेव्हेटिरासेटाम सुरू केलं, फिट थांबल्या आणि तीन आठवड्यांत मुलगी ओळखू येईना, भावाचे केस ओढायची, किंचाळायची. आम्ही सगळे नवीन शाळेला दोष देत होतो. न्यूरोलॉजिस्टना सांगितल्यावर ते लगेच म्हणाले या औषधाने होतं असं, मग हळूहळू दुसऱ्या औषधावर नेलं. फिटचं औषध कुणी एकदम बंद करू नका, ते धोक्याचं आहे. पण सांगा डॉक्टरांना.

निळी_खाडी
मला हे वाचून त्रास होतोय. निष्पाप लेकरांना मानसिक आजाराच्या गोळ्या द्यायच्या म्हणजे पापच. आपल्याला सांभाळायचा कंटाळा आला म्हणून त्यांना झोपवून ठेवायचं. प्रेम द्या, वेळ द्या, आपोआप शांत होतात.

खारघरचा_बाबा
निळी_खाडी, तुम्ही रागावून लिहिलंय पण मुलांच्या काळजीनेच लिहिलंय हे कळतं, म्हणून शांतपणे उत्तर देतो. माझ्या मुलाला डाऊन आहे आणि ऑटिझमही, आता १३ वर्षांचा. साडेसात वर्षांचा असताना तो स्वतःचं डोकं भिंतीवर आपटायचा, दिवसातून वीस-वीस वेळा, कपाळाला कायम टेंगूळ. कान, थायरॉइड, झोप, दात, पोट, सगळं तपासून झालं होतं, थेरपी चालू होती, माझ्या बायकोने नोकरी सोडली होती. प्रेम कमी नव्हतं हो. त्यानंतर रिस्पेरिडॉन सुरू केलं आणि सहा आठवड्यांत आपटणं दिवसातून दोन-तीनवर आलं. तेव्हा कुठे तो थेरपीत बसू लागला, चित्र दाखवून पाणी मागायला शिकला. औषधाने त्याला शिकवलं नाही, पण शिकण्याएवढं शांत केलं.
मोगरीताई, मला तेव्हा जे कुणी सांगितलं नाही ते सांगतो. हे औषध अमेरिकेत २००६ मध्ये ऑटिझममधल्या चिडचिडीसाठी मंजूर झालं, ५ ते १६ वयासाठी. डाऊनसाठी म्हणून वेगळी मंजुरी नाही. मोठा अभ्यास २००२ चा, ऑटिझमच्या १०१ मुलांचा, ८ आठवडे. औषध मिळालेल्यांपैकी ६९ टक्क्यांना चांगला फरक, नुसती खोटी गोळी मिळालेल्यांपैकी १२ टक्क्यांना. पण त्याच आठ आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी २.७ किलो वाढलं, दुसऱ्यांचं ०.८. डाऊनच्या मुलांवरचं काम फार थोडं, २००८ मध्ये २३ मुलांचं एक निरीक्षण आलं, त्यांना डाऊन आणि ऑटिझम दोन्ही होतं, फरक पडला पण तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणजे तुमच्या लेकाला ऑटिझम आहे का हे आधी नीट बघून घ्या, नुसत्या डाऊनसाठी हा हिशोब तसाच्या तसा लागू होत नाही.
आमच्या मुलाचं वजन पहिल्या वर्षात ७ किलो वाढलं. दुपारी दोन वाजताच पुन्हा जेवायला मागायचा, फ्रीजला कुलूप लावायची वेळ आली. नंतर डोस कमी केला, पुढे ॲरिपिप्राझोल या त्याच प्रकारच्या दुसऱ्या औषधावर आणलं, त्यात वजन त्यामानाने कमी वाढतं आणि प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढत नाही, पण सुरुवातीला तो रात्री येरझाऱ्या घालायचा. दर सहा महिन्यांनी उपाशीपोटी साखर, चरबी, आणि हात थरथरतायत का, मान वळतेय का ते डॉक्टर बघतात. लाळ जास्त गळायला लागली किंवा अंग ताठर वाटलं तर लगेच सांगायचं. आणि ती ताठरता घालवायला ट्रायहेक्सिफेनिडिल सारखी दुसरी गोळी कुणी सहज जोडून दिली तर विचारा की आधीचाच डोस कमी करता येईल का, कारण त्या जातीच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ वाढतं आणि डाऊनच्या लोकांना त्या जास्त बाधतात.
मधे आम्ही मिथाइलफेनिडेटही करून बघितलं, एका जागी बसत नव्हता म्हणून. हृदयाचं ऑपरेशन झालेलं असेल तर कार्डिऑलॉजिस्टची परवानगी आणि ईसीजी आधी. ते शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतलं आहे, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतीत लागतं, एक प्रत दुकानदार दोन वर्षं ठेवतो, आणि नवी मुंबईत मला ते चार दुकानं फिरून मिळायचं. सकाळी बरं असायचं, संध्याकाळी चार वाजता असर उतरला की ढसाढसा रडायचा, जेवण तुटलं. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना त्याचा गुण कमी येतो आणि त्रास जास्त, असं नंतर कळलं. पाच आठवड्यांत बंद केलं. दुसऱ्या कुणाला लागू पडेलही.

निळी_खाडी
मी तुमचं सगळं वाचलं. माझ्या डोळ्यासमोर माझी मावसबहीण होती, तिला वर्षानुवर्षं नुसतं झोपवून ठेवलं होतं, तपासणी कुणी केलीच नाही. त्या रागातून लिहिलं. तुमच्या घराबद्दल तसं म्हणायला नको होतं, माफ करा.

खारघरचा_बाबा
माफी कसली. तुमच्या बहिणीसारखी माणसं खूप आहेत, इंग्लंडमध्ये तर २०१६ पासून अशा लोकांची नको असलेली औषधं कमी करायची मोहीमच चालू आहे. म्हणून तर सुरू करतानाच बंद कधी करायचं हे विचारून घ्यायचं.

कळव्याची_मावशी
थोडं वेगळं, पण मोठ्या मुलांचे पालक वाचत असतील तर. माझी भाची १६ ची, डाऊन, कविता म्हणायची, लोकलने आईबरोबर कॉलेजसारख्या वर्गाला जायची. मागच्या दिवाळीनंतर दोन महिन्यांत बोलणं बंद, जेवण बंद, घास तोंडात धरून तासभर बसायची, जिना चढताना मधेच थिजायची. दोघांनी 'वागणुकीचा प्रश्न' म्हणून औषधं वाढवली, ती आणखी थिजली. तिसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की हा डाऊनमध्ये किशोरवयात होणारा एक वेगळा आजार आहे, कमावलेलं सगळं झपाट्याने मागे जातं, त्यात कॅटॅटोनिया (शरीर थिजणं) असतो आणि शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटलेली असू शकते. थायरॉइड, ईईजी, एमआरआय, पाठीतलं पाणी सगळं तपासलं, लोराझेपाम दिल्यावर दुसऱ्या दिवशी ती 'आई' म्हणाली. आता सावकाश येतेय पूर्वपदावर. वयात आलेलं मूल एकदम शांत झालं, गळपटलं तर शहाणं झालं समजू नका, लगेच न्यूरोलॉजिस्ट गाठा.
आणि हो, ती पूर्वीपासून आरशासमोर स्वतःशी गप्पा मारते. ते आजारपण नाही, डाऊनच्या खूप जणांची ती दिवस उलगडून बघायची पद्धत असते. त्यासाठी कुणी वेडाचं औषध देऊ नका.

मोगरी_ठाणे
सहा आठवड्यांनी लिहितेय. फ्रीजवरची स्ट्रिप उघडली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने मॉन्टेलुकास्ट बंद केलं, नाकात सलाइनचे थेंब. टीएसएच वाढलेली निघाली, थायरॉक्सिन सुरू झालं. उजव्या कानात पाणी. शौचाचं औषध रोज, त्याचं पोट इतकं मऊ मी कधी पाहिलंच नव्हतं. आणि स्लीप स्टडी, तारा लावून घ्यायला तयार नव्हता, घरी आठ दिवस बाहुलीला तारा लावायचा खेळ खेळलो तेव्हा जमलं. तासाला १४ वेळा श्वास अडकतोय. नऊ वर्षं हे पोर रात्रभर झगडत होतं आणि आम्ही फोटो काढत होतो. मी खूप रडले. आता टॉन्सिल-ॲडेनॉइडचं ऑपरेशन ठरलंय.

ऐरोली_ओपीडी
स्वतःला दोष देऊ नका, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. ॲनेस्थेशिया देणाऱ्यांना मानेबद्दल आवर्जून विचारा, या मुलांचे मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, मान जपून हलवावी लागते. हृदयाचा इको ताजा करून घ्या. ऑपरेशननंतर पहिली रात्र देखरेखीखाली ठेवायला लागते. आणि दोन-तीन महिन्यांनी स्लीप स्टडी पुन्हा, डाऊनमध्ये ऑपरेशननंतरही थोडं शिल्लक राहतं बऱ्याचदा.

सीवूड्सची_काकू
निरामयचा विमा काढलायस का? नॅशनल ट्रस्टचा, वर्षाला एक लाखापर्यंत, ओपीडी, औषधं, थेरपी पण धरतात. दिव्यांग प्रमाणपत्र लागेल. वाशीला महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या ईटीसी केंद्रात विचारलंस तर कागदपत्रं सांगतील. आणि ऑपरेशनच्या दिवशी धाकटीला माझ्याकडे सोड, मी खरंच म्हणतेय.

मोगरी_ठाणे
पाच महिन्यांनी. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले. दुसऱ्या स्लीप स्टडीत १४ चे ४ झाले, म्हणजे थोडं शिल्लक आहे, कुशीवर झोपवतो. ग्रोमेट त्याच भुलीत टाकला. तो आता उशीवर आडवा झोपतो. पहिल्या रात्री मी दर तासाला उठून बघत होते की हा असा सरळ का पडलाय.
रंगखडूताई, तुमची वही खूप कामाला आली. पहिल्या दोन आठवड्यांत ३१ नोंदी होत्या, त्यातल्या २२ कपडे आणि बसच्या वेळेच्या. चित्रं लावली, पाच मोजायला शिकलो, आजोबा सगळ्यात छान मोजतात. चावणं बंद आहे, दोन महिन्यांत एकदाच झालं. धाकटी परत त्याच्या शेजारी बसून जेवते.
पण मारणं शाळेत राहिलं होतं, आठवड्याला १४-१५ वेळा, मधल्या सुट्टीनंतर जास्त. म्हणून परळला डेव्हलपमेंटल पिडिॲट्रिशियनकडे (मुलांच्या विकासाच्या डॉक्टर) गेलो. त्यांनी ऑटिझमची तपासणी केली, नाहीये. पाऊण तास बसल्या, वही पूर्ण वाचली. मग म्हणाल्या, एकच गोष्ट पकडू या, शाळेतलं मारणं, आणि अगदी कमी डोस देऊन सहा आठवडे बघू, गुण आला नाही तर बंद. सुरू करण्याआधी वजन, कंबर, उपाशीपोटी साखर, चरबी, प्रोलॅक्टिन सगळं करून घेतलं. रिस्पेरिडॉन ०.२५ मिलिग्रॅम, रात्री. तेच औषध जे फ्रीजवर होतं. मी त्यांना म्हणाले की तेव्हाच दिलं असतं तर, तर त्या म्हणाल्या तेव्हा दिलं असतं तर त्याचा श्वास कुणी मोजला नसता.
सातवा आठवडा आहे. शाळेत मारणं आठवड्याला ४-५ वर आलंय. वजन २६.४ होतं ते २८.१ झालंय, आणि हे मला आवडलेलं नाही. दुपारचं बिस्किट बंद करून काकडी-शेंगदाणे, संध्याकाळी सोसायटीत सगळ्यांनी मिळून दहा फेऱ्या. याखेरीज या काळात आम्ही दुसरं काहीच नवीन सुरू केलं नाही, ना थेरपी बदलली ना शाळेतली बाकाची जागा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही असं त्या म्हणाल्या होत्या. आता बाकाची जागा बदलणार, मधल्या सुट्टीनंतर त्याला पाच मिनिटं कोपऱ्यात एकटं बसू देणार, कारण वहीत दिसतंय की त्याला तो गोंगाट सहन होत नाही. ते जमलं तर गोळी अर्धी करायची तारीख ठरली आहे, १४ जूनला वजन आणि वही घेऊन जायचंय.
सासूबाईंना मी दर रविवारी वही वाचून दाखवते. या रविवारी त्यांनीच विचारलं, या आठवड्यात किती?

खारघरचा_बाबा
उपाशीपोटी साखर तीन महिन्यांनी परत करून घ्या, काटा आणखी पुढे गेला तर १४ जूनची वाट न बघता फोन करा. आणि गोळी कमी करताना पहिल्या दोन आठवड्यांत थोडं मारणं वाढलं तर घाबरून लगेच परत पूर्ण देऊ नका, आम्ही ती चूक केली होती. डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा की किती दिवस थांबायचं.

मोगरी_ठाणे
हे लिहून घेतलं वहीच्या पहिल्या पानावर. कालची बातमी राहिलीच, काल संध्याकाळी कित्येक महिन्यांनी तलावपाळीला गेलो, नवरा एका बाजूला मी दुसऱ्या बाजूला, त्याच्या हातात बोटीचा फोटो. भेळवाल्यापाशी थांबला, फोटो बघितला, मला दाखवला. मग बोटीत बसलो चौघंही.